नवें वस्त्र आणि उदास मन

मन खिन्न झालें असतां बाजारांत जावें, एखादें नवें वस्त्र विकत घ्यावें, आणि तें अंगावर चढवून आरशापुढें उभें राहावें, म्हणजे खिन्नता आपोआप दूर होते, असें म्हणण्याची चाल अलीकडे बरीच पडली आहे. मोठ्या शहरांतून ती आमच्या जिल्ह्यांतहि येऊन पोंचली. बुलढाणा, चिखली, खामगांव, मलकापूर येथील दुकानांतून, आणि त्याहूनहि अधिक मुलांमुलींच्या हातांतील मोबाईलच्या पडद्यावरून, ती घरोघर शिरली आहे. गेल्या पावसाळी सत्रांत आमच्या शाळेच्या वक्तृत्वसभेंत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं याच विषयावर वाद केला. 'नवें वस्त्र हें उदास मनाचें औषध होय' असा ठराव होता. विरुद्ध पक्षानें काटकसर, साधी राहणी, थोर पुरुषांचीं चरित्रें अशीं सर्व शस्त्रें बाहेर काढलीं. ठरावाच्या बाजूच्या मुलांची त्यांपुढें त्रेधा उडाली. परीक्षकांत आम्ही होतों. आम्हीं विरुद्ध पक्षास ढाल दिली, आणि निर्णय सांगतांना उपदेशाचे चार शब्दहि ऐकविले. सभागृहांत टाळ्या चांगल्या पडल्या. परंतु त्या निर्णयाविषयीं आमचें मन आतां निःशंक राहिलेलें नाहीं, आणि तें कां, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणें आम्हांस उचित वाटतें.

ठरावाच्या बाजूनें बोलणाऱ्या मुलांस जें सांगतां आलें नाहीं तें आधीं सांगतों. नव्या वस्त्रानें मनुष्याच्या मनास उभारी येते, ही गोष्ट खरी आहे. ती कोणा दुकानदारानें काढलेली युक्ति नव्हे. आमच्या वाडवडिलांस चैनीचा शौक होता असें कोणी म्हणणार नाहीं. ज्यांच्या वांट्यास वर्षाकाठीं दोन धोतरें आणि एक बंडी यांहून अधिक कापड येत नसे, तींच माणसें दिवाळीच्या पहाटे मुलांच्या अंगावर कोरें कापड पाहिल्यावांचून समाधान पावत नसत. ईदच्या आदल्या रात्रीं खामगांव-मलकापूरच्या शिंप्यांच्या दुकानांतील दिवे विझत नाहींत, आणि नाताळांत आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतील लहान मुलें नव्या कपड्यांची घडी उशाशीं घेऊन निजतात. पोळ्याचें तर सांगावयासच नको. बैलाला नवी वेसण, नवा कासरा, शिंगांस रंग, गळ्यांत गोंडे, पाठीवर झूल. आणि त्याला घेऊन वेशीकडे निघालेल्या धन्याच्या सदऱ्याला मात्र खांद्यावर ठिगळ! बैलास आरसा दाखविण्याची सोय नाहीं. तेव्हां त्या झुलीचा आनंद कोणास होतो हें वाचकांनींच ठरवावें.

पण कापडखरेदीचा खरा सोहळा पाहावा तो लग्नाच्या बस्त्याचा. लग्न ठरलें कीं दोन्ही घरचीं मिळून दहावीस माणसें सकाळच्या गाडीनें तालुक्याच्या गांवीं जातात. दुकानांत जोडे बाहेर काढून पांढऱ्या गादीवर बैठक बसते. दुकानदार आधीं पाणी, मग चहा मागवितो, आणि घाई म्हणून कांहीं चीज जगांत आहे हें विसरून ठाणामागून ठाण उलगडीत जातो. आत्याबाईंस रंग पसंत पडत नाहीं. मामा किंमतीवरून कुरकुरतात. वराचा धाकटा भाऊ आपल्या सदऱ्याची आठवण तिसऱ्यांदा करून देतो. आणि आजी पदराचें पोत दोन बोटांत चुरून, एक शब्दहि न बोलतां, नकारार्थी मान हलविते. आमच्या परिचयाच्या एका घरीं वर्षभर अंथरुणास खिळून नुकत्याच उठलेल्या एका मावशी होत्या. त्यांचें कशांतच लक्ष लागत नसे; विचारल्याखेरीज त्या बोलत नसत. बस्त्याच्या दिवशीं त्यांच्या जावेनें त्यांस हात धरून आणलें आणि भिंतीशीं बसविलें. दोन घटका त्या नुसत्या पाहत होत्या. मग एका हिरव्या पातळाला त्यांनीं हात लावला आणि दुकानदारास विचारलें, "रंग जाईल का हो धुण्यांत?" घरच्या माणसांनीं कित्येक महिन्यांत त्यांचा तो पहिला प्रश्न ऐकला. पातळ घेतलें कीं नाहीं, हें आम्हांस आठवत नाहीं. प्रश्न मात्र पक्का आठवतो.

ह्या प्रश्नांतच गोष्टीचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें, आणि त्यास आतां शास्त्राचाहि आधार मिळाला आहे. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या तिघां संशोधकांनीं २०१४ सालीं या विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. कांहीं माणसांस प्रथम खिन्न करणारें दृश्य दाखवावें, आणि मग त्यांच्यापुढें वस्तु मांडाव्यात. कांहींनीं त्या नुसत्या पाहाव्यात, कांहींनीं त्यांतून आपल्यास हव्या त्या निवडाव्यात, अशी त्यांची तऱ्हा होती. निवड करणारांची खिन्नता नुसतें पाहणारांपेक्षां अधिक उतरली. कारण असें कीं, दुःखी मनुष्यास आपल्या हातीं कांहींच उरलें नाहीं असें वाटत असतें. 'हें नको, तें हवें' एवढें म्हणण्याची संधि मिळाली तरी गेलेला अधिकार थोडासा परत आल्यासारखें होतें. विशेष हें कीं, रागाच्या बाबतींत हा उपाय लागू पडला नाहीं. संतापलेल्या मनुष्यास कापडाच्या दुकानांत नेऊं नये, हें मात्र आमच्या इकडील बायकांस प्रयोगावांचूनच ठाऊक होतें!

तेव्हां आनंद देणारी वस्तु कापड नव्हे, निवड ही होय. शाळकरी मुलाच्या आयुष्यांत त्याच्या स्वतःच्या मर्जीनें होणाऱ्या गोष्टी किती असतात? उठणें, निजणें, अभ्यास, शाळा, शिकवणी, सारें दुसऱ्यांनीं ठरविलेलें. वर्षांतून एकदां सदऱ्याचा रंग त्यानें ठरविला तर पालकांनीं 'मळखाऊ रंग घे' एवढें सांगून गप्प बसावें. आमच्या पाहण्यांत असे वडील आहेत कीं, मुलाला दुकानांत नेतात, पन्नास सदरे काढवितात, आणि शेवटीं आपल्यास आवडलेला घेऊन घरीं येतात. पैसे खर्च झाले ते झाले, आणि मूल गेलें त्याहून उदास होऊन परतलें.

हें झालें साऱ्या जगाचें. आमच्या जिल्ह्यांत नव्या कापडाच्या आनंदास आणखी एक अर्थ आहे, आणि तो जमिनींतून आलेला आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां विलायतेच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टि वऱ्हाडाकडे वळली. खामगांवचा कापसाचा बाजार नांवारूपास आला; १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंतचा आगगाडीचा फांटा सुरू झाला, आणि त्या समारंभास गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो जातीनें आले होते. एवढा मोठा मनुष्य ह्या लहानशा फांट्याकरितां कशास आला, याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें: कापूस. येथून गांठी बाहेर जात, आणि दूरदूरच्या गिरण्यांतून त्याचेंच कापड होऊन येथें परत येई. शेतकऱ्याच्या घरीं सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी सुरू व्हावी, पुढें गाडी बाजारास जावी, हातांत पैसा यावा, आणि मग धन्यानें कापडाच्या दुकानाची पायरी चढावी, असा हा क्रम. १९७२ सालीं महाराष्ट्र सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, त्यानंतर कित्येक वर्षें पुष्कळ घरांतील नव्या लुगड्याचा मुहूर्त पंचांगावर नव्हे तर चुकाऱ्याच्या तारखेवर अवलंबून असे. आतां सोयाबीननें कापसाची पुष्कळ जागा घेतली. तथापि क्रम तोच राहिला. मुलाच्या अंगावरील कोरा सदरा ही पीक घरीं आल्याची पावती होती. आई तो सदरा पाहून हंसत असे ती केवळ सदऱ्याकरितां नव्हे.

आणि म्हणूनच पीक आलें नाहीं, पण कापड मात्र आलें, असें ज्या घरीं होतें तेथें त्या कापडानें सुख कसें होणार? 'ऋण काढून सण' ही म्हण आमच्याकडे उगीच झालेली नाहीं. २०१७ सालच्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कापूस बुडविला, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांनीं आपल्या लहानपणीं घरांत पाहिलें आहे. त्याच्याहि आधीं, २००६ सालीं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांकरितां साहाय्य जाहीर केलें, त्यांत आमचा जिल्हा होता. अशा वर्षांत मुलांनीं हिरमुसूं नये म्हणून उधारीवर कपडे आणणारे वडील आम्हीं पाहिले आहेत. त्यांस नांवें ठेवणें सोपें आहे, आणि वक्तृत्वसभेंत तें आम्हीं ठेवलेंहि. पण त्या रात्रीं त्यांच्या जागीं आपण असतों तर काय केलें असतें, याचें उत्तर आम्हांस त्या व्यासपीठावर बसून सुचलें नव्हतें, आणि आजहि नीट सुचत नाहीं. आम्हांस एवढेंच ठाऊक आहे कीं, त्या कपड्यांची घडी मोडतांना घरांतील मोठ्या मुलास सारें समजलेलें असतें. तो नवा सदरा घालतो, 'छान आहे' म्हणतो, आणि वडिलांकडे पाहत नाहीं.

आतां विरुद्ध पक्षाच्या मुलांचें जें खरें होतें तेंहि त्यांस दिलें पाहिजे. उदास मनुष्य हा वाईट गिऱ्हाईक असतो, म्हणजे दुकानदाराच्या दृष्टीनें फार चांगला असतो. २००४ सालीं लर्नर नांवाच्या विदुषीनें आपल्या दोघां सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, खिन्न माणसें नवी वस्तु घेण्याकरितां इतरांपेक्षां अधिक किंमत देण्यास तयार होतात, आणि आपल्याजवळची वस्तु मात्र कमी किंमतीस सोडतात. आपलें जें आहे तें नकोसें वाटतें, दुसरें कांहीं तरी असावें असें वाटतें. घासाघीस करण्यास मनांत थोडा तरी आनंद लागतो! शिवाय एक नवें वस्त्र घरांत आलें कीं जुनीं वस्त्रें एकाएकीं अधिक जुनीं दिसूं लागतात. दिदरो नांवाच्या फ्रेंच पंडितास कोणीं एक झगझगीत अंगरखा भेट दिला. त्यापुढें त्याची खुर्ची, त्याचें मेज, भिंतीवरील चित्रें हीं सारींच त्यास दरिद्री वाटूं लागलीं, आणि एकामागून एक तीं त्यानें बदलून टाकलीं. पुढें आपल्या जुन्या अंगरख्याकरितां हळहळून त्यानें १७६९ सालीं एक निबंध लिहिला. खरेदीचें हें वेड कांहीं माणसांत रोगाच्या थरास जातें, हेंहि विसाव्या शतकाच्या आरंभीं क्रेपेलिन या जर्मन वैद्यानें नमूद करून ठेवलें आहे. पण तो प्रकार क्वचित्. आमची चिंता साध्या मुलांविषयीं आहे.

तीं काय करतात? रात्रीं दिवा मालवल्यावर, पांघरुणाखालीं, एकटींच, मोबाईलच्या पडद्यावर शेंकडों कपडे वरखालीं करीत असतात. येथें गादी नाहीं, चहा नाहीं, आत्याबाई नाहीं, पोत चुरून पाहणारी आजी नाहीं. 'हा रंग तुला शोभत नाहीं' असें म्हणणारा कोणी नाहीं, आणि 'शोभतो' म्हणणाराहि नाहीं. सोमवारीं रात्रीं जें दुःख होतें त्याकरितां मागविलेला सदरा शनिवारीं पुडक्यांतून घरीं येतो. तोंपर्यंत तें दुःख निघून गेलेलें असतें अथवा त्याच्या जागीं दुसरें आलेलें असतें. कित्येक पुडकीं उघडून तशींच परत जातात, कारण परत पाठविण्याची सोय आहे. मिशिगनच्या पंडितांचें म्हणणें खरें मानलें तर निवड केली त्याच क्षणीं औषध लागू पडून संपलेलें असतें. मग पुडक्यांत येतें तें काय? फार तर बाटली. हप्त्यांनीं पैसे देण्याची सोय झाल्यापासून त्या बाटलीची किंमत सहा महिने देत राहावें लागतें, ती गोष्ट निराळीच.

इतकें सर्व आम्हीं वक्तृत्वसभेच्या दिवशींहि, थोड्याबहुत फरकानें, बोलून दाखविलें होतें. आमचें मत डळमळलें तें पुढें पंधरा दिवसांनीं घडलेल्या एका लहानशा गोष्टीनें, आणि ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. इयत्ता नववींतील एक मुलगी बरेच दिवस गैरहजर होती. ती आली ती गणवेश न घालतां, झेंडूसारख्या पिवळ्या रंगाच्या कोऱ्या करकरीत पंजाबी पोषाखांत. आम्हीं तिला वर्गापुढें उभें केलें आणि विचारलें कीं, शाळा ही कपडे मिरविण्याची जागा आहे काय? ती कांहीं बोलली नाहीं. आमच्याकडे पाहतहि राहिली नाहीं. दाराच्या चौकटीकडे पाहत उभी राहिली. तास संपल्यावर तिच्या शेजारीं बसणारी मुलगी आमच्या मागोमाग पायऱ्यांपर्यंत आली आणि म्हणाली, "सर, तिची आई वारली ना. काल तेरवी झाली. तिच्या मामांनीं आणलाय तो ड्रेस. तोच घालून घराबाहेर पडायचं असतं, असं तिच्या आजीनं सांगितलं."

आम्ही वऱ्हाडांतच लहानाचे मोठे झालों. तेरवीच्या दिवशीं सोयरे टोपी, दुपट्टा, लुगडें घेऊन येतात, आणि घरच्या माणसांच्या अंगावर तें घालून त्यांचें सुतक उतरवितात, हें आम्हीं किती वेळां पाहिलें असेल! आमच्या स्वतःच्या डोक्यावरहि एकदां अशी टोपी ठेवली गेली आहे. तरी त्या पिवळ्या रंगाकडे पाहून आम्हांस तें सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्या मुलीला बोलावून आम्हीं आमची चूक कबूल केली. ती म्हणाली, "मामा मला दुकानांत घेऊन गेले होते. रंग तूच काढ, म्हणाले. आईला हा रंग आवडायचा."

ठरावांतील 'औषध' हा शब्द आम्हीं त्या दिवसापासून निराळ्या रीतीनें वाचूं लागलों. नव्या वस्त्रानें दुःख उतरतें, हें आमच्या लोकांस पुरातन काळापासून ठाऊक आहे. इतकें ठाऊक कीं त्याची रूढि झाली. परंतु त्या रूढींत एक बारीक अट आहे: तें वस्त्र ज्याचें त्यानें आणावयाचें नसतें. तेरवीला तें सोयऱ्यानें आणावें, भाऊबीजेस भावानें, पहिल्या सणास सासऱ्यानें जांवयास, ओटी भरतांना खण दुसऱ्या बाईनें घालावा. बस्ता घरच्या पैशाचा असला तरी तो बांधावयास दहा माणसें लागतात. शहरांतील मनुष्य उदास झाला म्हणजे आपणच आपल्यास आहेर करतो! त्यांत सुख अगदीं नाहीं असें नव्हे, पण तें फार लवकर विटतें. पहिल्या धुण्यापर्यंत टिकलें तरी पुष्कळ.

हा आमच्या जुन्या लोकांचा केवळ भाबडेपणा आहे असें कोणास वाटूं नये म्हणून परदेशांतील एक प्रयोग सांगतों. कॅनडांतील व्हॅंकूव्हर शहरीं संशोधकांनीं कांहीं माणसांस सकाळीं थोडेसे पैसे दिले, कोणास पांच डॉलर, कोणास वीस, आणि सायंकाळच्या आंत ते खर्च करण्यास सांगितलें; कांहींनीं स्वतःवर करावे, कांहींनीं दुसऱ्यावर. सायंकाळीं विचारपूस केली तेव्हां दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले, आणि पैसे पांच होते कीं वीस यानें कांहीं फरक पडला नाहीं. हा वृत्तांत २००८ सालीं 'सायन्स' या प्रसिद्ध नियतकालिकांत आला. आमच्या विद्यार्थ्यांस मात्र यासाठीं व्हॅंकूव्हरपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. साने गुरुजींचें 'श्यामची आई' हें पुस्तक १९३५ सालीं निघालें. त्यांतील श्याम साठविलेल्या पैशांतून धाकट्या भावाकरितां कोट शिवून घेतो, ती गोष्ट सर्वांनीं वाचली असेल. त्या रात्रीं त्या घरांत सर्वांत आनंदी कोण होतें, असा प्रश्न आम्हीं सहावीच्या वर्गांत विचारला असतां तीस मुलांपैकीं एकानेंहि 'ज्यास कोट मिळाला तो' असें उत्तर दिलें नाहीं. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेले गाडगेबाबा स्वतः चिंध्यांचें वस्त्र पांघरीत, आणि उघड्यानागड्यांस वस्त्र द्या म्हणून गांवोगांव सांगत. त्यांच्या मुखावर खिन्नता होती असें त्यांस पाहिलेल्या वृद्धांपैकीं कोणीं आम्हांस सांगितलें नाहीं.

वस्त्राची दुर्मिळता हेंहि त्याच्या आनंदाचें एक अंग होतें, हें खरें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, सुतावर व कापडावर सरकारी नियंत्रण आलें, तेव्हां बहिणीस एक पातळ मिळवून देणें म्हणजे भावाचा पराक्रम होता. ते दिवस परत यावेत अशी इच्छा कोणी शहाणा करणार नाहीं. आज कापड स्वस्त आहे, भरपूर आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. अडचण एवढीच कीं, देणारा हात मागें पडला आणि घेणारा बोटाच्या टोकावर आला.

पालकांस आमची एक विनंति आहे. मूल गप्प झालें, जेवणांत त्याचें लक्ष नाहीं, अशा वेळीं 'चल, तुला कपडे घेऊं' असें म्हणण्यास हरकत नाहीं. पण 'घे हे पैसे आणि मागव' असें म्हणूं नये. सोबत जावें. रस्त्यानें जातांना आणि दुकानांत वाट पाहतांना मुलें जें बोलतात तें घरांत समोरासमोर बसून बोलत नाहींत, असा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे. पैसे नसतील तर शिंप्याकडे जुन्या सदऱ्याला नवीं बटणें लावावयास सोबत जावें. बटणें कोणतीं, हें त्यास ठरवूं द्यावें. आणि जी उदासीनता आठवडे लोटले तरी हलत नाहीं, झोंप व भूक हीं जिनें उडतात, तिला कापडाचें दुकान हें स्थळच नव्हे. तिच्याकरितां जिल्हा रुग्णालयांत वैद्य आहेत, आणि ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनें सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेंत १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठींतून बोलतां येतें. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. शेतकऱ्याच्या घरीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी, आणि ती मुलांच्यापेक्षां वडिलांकरितां अधिक.

राहतां राहिली ती ढाल. ती विरुद्ध पक्षाकडून परत मागावी असें आमच्या कांहीं सहकाऱ्यांनीं विनोदानें सुचविलें; परंतु दिलेला निर्णय फिरविणें बरें नव्हे, आणि त्या मुलांनीं भाषणें खरोखरच चांगलीं केलीं होतीं. हाच ठराव येत्या सत्रांत पुन्हां मांडण्याचें मात्र ठरलें आहे. त्यांतील शब्द थोडे बदलावेत कीं काय, हें विद्यार्थ्यांनीं सुचवावें. ठरावाच्या बाजूनें बोलण्याकरितां इयत्ता नववींतील दोन नांवें आमच्याकडे आलीं आहेत, त्यांत त्या मुलीचें एक आहे. परीक्षक या वेळीं दुसरे असावेत, अशी आमची मुख्याध्यापकांस विनंति आहे.